सात मिळवावेत

८ फेब्रुवारी

इतिहासकार झालो! सकाळी साडेदहापर्यंत आम्ही पूल विभागाचे अभिलेखपाल होतो. म्हणजे जुने कागद, त्यांवरील धूळ आणि त्या धुळीवर वंशपरंपरागत हक्क सांगणारी झुरळे, या सर्वांचे अधिकृत पालक. पावणेअकराला साहेबांनी बोलावले. नवा पूल वीस मार्चला उघडायचा आहे. त्या निमित्ताने स्मरणिका निघणार. तीत या ठिकाणच्या आजवरच्या पुलांचा इतिहास असावा, आणि तो आम्ही लिहावा, असे ठरले आहे.

"थोडक्यात लिहा," साहेब म्हणाले. "पाहुणे वाचत नाहीत. चाळतात."

"चाळायला किती पानं लागतील?"

"चार. फोटो धरून."

दोनशे वर्षे, पाच पूल, चार पाने. त्यांतील एक संपूर्ण पान प्रमुख पाहुण्यांच्या मुखकमलासाठी राखीव. उरलेल्या तिनांत नदी, पूल आणि दिवंगत माणसे यांनी जरा सरकून सरकून बसावे.

एप्रिलअखेर निवृत्ती. तत्पूर्वी हे एक महत्कार्य. चित्त प्रसन्न आहे.

९ फेब्रुवारी

गृही वार्ता निवेदन केली. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जावयांच्या पुलाबद्दल चांगलं लिहा. उगाच टवाळी नको."

नव्या पुलाचा आराखडा आमच्या जावयांचा. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आमची कन्या नेली, तीन वर्षांपूर्वी नदी घेतली. माणूस गुणी, परंतु कमालीचा अल्पभाषी. त्यांच्याशी संभाषण करणे म्हणजे खोल विहिरीत खडा टाकून आवाजाची वाट पाहणे. पूल उघडला की बढती आहे. कार्यकारी अभियंता होतील. पदाच्या भारामुळे तरी सलग दोन वाक्ये बोलतील, अशी आशा.

टवाळी म्हणे. इतिहासकार टवाळी करीत नसतो. तो तळटीप देतो.

११ फेब्रुवारी

पहिला पूल — नावांचा. बावीस नावा शेजारी शेजारी साखळदंडांनी जखडलेल्या, वर फळ्या. पाणी चढले की पूल चढे, उतरले की उतरे. इतका विनयशील पूल पुन्हा झाला नाही. पुराच्या चार महिन्यांत तो सोडून काठावर ओढून ठेवीत. म्हणजे ज्या दिवसांत पुलाची खरी निकड, त्याच दिवसांत पूल रजेवर. आमच्या विभागाची कार्यपद्धती किती प्राचीन आहे, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते.

त्या काळची एक जाहीर सूचना सापडली: 'पुलावर कोणीही पायाने ताल धरू नये. वाजंत्री काठावर थांबवावी. भांडण असल्यास पलीकडे जाऊन करावे.' अखेरचे कलम साहेबांच्या दालनाबाहेर लावण्यायोग्य आहे.

१४ फेब्रुवारी

दुसरा — लाकडी. एकोणीस वर्षे टिकला. नदीने त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. गवताने शिगोशीग भरलेली एक गाडी आणि गाडीवानाच्या तोंडात पेटलेली चिलीम, एवढे पुरले. पाण्यात पाय सोडून उभा असलेला पूल आगीने गेला. चौकशी-अहवाल चौपन्न पानांचा. निष्कर्ष एका ओळीचा: 'पुलाजवळ पाणी उपलब्ध नव्हते.'

१५ फेब्रुवारी

टंकलेखिका बाईंनी तो निष्कर्ष दोनदा वाचला आणि विचारले, "हे खरंच अहवालात आहे, की तुमचं आपलं?" बाईंना आमची शैली ओळखू येऊ लागली. सावध राहिले पाहिजे.

१८ फेब्रुवारी

तिसरा — दगडी. सात कमानी, एकाहत्तर वर्षे. मोठ्या पुरात गेला. त्याचा एक खांब प्रवाहाच्या खालच्या अंगाला अद्याप उभा आहे, निवृत्तीनंतरही रोज कार्यालयात येऊन बसणाऱ्या कारकुनासारखा. चौथा — लोखंडी. पंच्याहत्तर वर्षांचा, आजही सेवेत. वयाने आमच्याहून ज्येष्ठ आणि सांध्यांत आमच्याइतकाच कुरकुरणारा.

या दोन्ही पुलांच्या खांबांवर पूरमापक पट्टी रंगवलेली: खाली शून्य, वर फुटांचे आकडे. पाणी कुठवर आले ते रोज वाचायचे आणि नोंदवहीत लिहायचे. नव्वद-शंभर वर्षे हे काम अखंड चालले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जुन्या वह्यांना वाळवी लागली. तेव्हाच्या साहेबांनी आम्हांस — तेव्हा कनिष्ठ लिपिक — एक महिना दिला: सर्व आकडे एका नव्या वहीत उतरवा. आम्ही सव्वीस दिवसांत उतरवले. शिरोरेषा अशा सरळ, की त्यांवर गोटी ठेवली तर जागची हलू नये. प्रशस्तिपत्रक मिळाले. मोठा पूर: एकतीस फूट. तो आकडा आजही पाहावा. अक्षर नव्हे, आभूषण!

तीन वर्षांपूर्वी जावई याच वहीसाठी कार्यालयात आले होते. तो प्रसंग स्मरतो, कारण त्या दिवशी ते पुष्कळ बोलले.

"बाबा, मोठा पूर एकतीसचा. मग लोखंडी पुलाची तुळई बेचाळीसवर का ठेवली असेल?"

"ज्यांचा एक पूल डोळ्यांदेखत गेला, त्यांनी बांधलाय तो. भयाची उंची अकरा फूट असते, जावईबापू."

वाक्य आमचे आम्हांलाच फार आवडले. ते हसले नाहीत. म्हणाले, "वहीतले आकडे पक्के ना?"

"ही वही नव्हे. शिलालेख आहे."

त्यांनी एकतीसवर पाच फूट मोकळीक धरली आणि नव्या पुलाची तुळई छत्तीसवर ठेवली. लोखंडी पुलाहून सहा फूट खाली. त्यामुळे चढ सौम्य झाला आहे. वृद्धांचे गुडघे येत्या शतकभर जावयांना दुवा देतील. हे स्मरणिकेत अवश्य घालावे.

२१ फेब्रुवारी

सहकुटुंब नव्या पुलाचे अवलोकन. कन्या, जावई, ही आणि आम्ही. सिमेंटचा ओला वास. कठडे अजून रंगायचे आहेत. पुलाच्या मध्यभागी दोन्ही अंगांना अर्धवर्तुळाकृती सज्जे काढले आहेत, प्रत्येकात एक बाक. लोकांनी बसून नदी पाहावी म्हणून. ही जावयांची स्वतःची कल्पना. वरिष्ठांशी त्यांनी चक्क वाद घालून ती मंजूर करून घेतली म्हणे. वाद घातला म्हणजे तीन शब्द बोलले असावेत.

कन्या बाकावर बसून पाय हलवीत म्हणाली, "पूर आला की बघायला पहिली मी येणार. ही जागा माझी."

ही म्हणाली, "सगळं गाव येईल. लोखंडी पुलावर तर उभं राहायलाही जागा नसते पुराच्या दिवशी."

जावई कठड्याला हात लावून उभे होते. कोणी कौतुक केले की मनुष्य एवढा अवघडतो, हे प्रथमच पाहिले.

२५ फेब्रुवारी

पट्टीवाल्या आबांना घेऊन नदीवर गेलो. वय चौऱ्याऐंशी. लोखंडी पुलाची पट्टी त्यांनी चाळीस वर्षे वाचली. त्यांच्या वडिलांनी त्याआधी दगडी पुलाची. स्मरणिकेत 'जुन्या सेवकाच्या आठवणी' म्हणून चार ओळी घालाव्यात, एवढाच हेतू. आबा आम्हांला कागदवाले म्हणतात. सन्मान आहे की निंदा, ते ठरायचे आहे.

उभ्या राहिलेल्या दगडी खांबाभोवती मोठ्या पुराची रेघ कोरलेली आहे. चारी बाजूंनी, सलग. आम्ही वहीत लिहिले: 'पूररेषा, एकतीस फूट.' आबांनी डोकावून पाहिले.

"एकतीस कुठले?"

"आबा, नोंद आहे."

"असेल. ते एकतीस ह्या खांबाच्या पट्टीवरचे. आता जी पट्टी आहे ना, लोखंडी पुलाची, तिच्यावर ते अडतीस."

आम्ही वृद्धत्वाला शोभेल असे स्मित केले. आबांना ते मानवले नाही. काठीने काठावरच्या पायऱ्या दाखवल्या.

"चढा, कागदवाले. चढत राहा. खांबाभोवतीची रेघ आत्ता वाकडी दिसते. ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ दिसली की थांबा. तिथं तुमचा डोळा आणि तो पूर, एका उंचीवर."

चढलो. तेविसाव्या पायरीवर रेघ सरळ झाली.

"आता मान खाली-वर करू नका. नुसती वळवा. लोखंडी पुलाची पट्टी बघा. काय दिसतं?"

"अंतर फार आहे, आबा. दृष्टिभ्रमाची शक्यता—"

"काय दिसतं?"

अडतीस दिसत होते.

"ह्या दगडी पट्टीचं शून्य पायाच्या दगडावर होतं," आबा खालून म्हणाले. "लोखंडी पुलाच्या लोकांनी शून्य पार तळाशी नेलं. सात फुटांचा फरक. आम्हांला सगळ्यांना माहीत. जुना आकडा आला की सात मिळवायचे."

"हे कुठं लिहून ठेवलंय का?"

"सकाळी उठून तोंड धुवायचं, हे तुम्ही कुठं लिहून ठेवलंय का?"

२६ फेब्रुवारी

तळघरात उतरलो. वाळवी लागलेल्या मूळ वह्या अठ्ठावीस वर्षांपूर्वी जाळल्या. पण त्यांची पुठ्ठ्याची वेष्टने मी तेव्हा काढून वेगळी बांधली होती, आतले कागद सुटे करून भरभर उतरवता यावेत म्हणून. गठ्ठा मागच्या फळीवर होता. वर चिठ्ठी, माझ्या हातची: 'निरुपयोगी'. अक्षर सुरेख आहे.

दगडी पुलाच्या शेवटच्या वहीचे वेष्टन चौथे. आतल्या बाजूस, पुसट शाईत: 'या पट्टीचे शून्य नव्या पट्टीच्या शून्याहून सात फूट उंच आहे. आकडे घेताना सात मिळवावेत.'

मी पान उघडून वाचायला सुरुवात केली होती, कारण पानांवर आकडे होते आणि मला आकडे उतरवायला सांगितले होते. वेष्टन वाचायला कोणी सांगितले नव्हते. महिनाभरात काम उरकायचे होते. चार दिवस उरलेही होते.

२७ फेब्रुवारी

अडतीस.

२८ फेब्रुवारी

व्यवस्थित मांडून पाहतो. लोखंडी पुलाला धोका नाही. त्याची तुळई बेचाळीसवर आहे. तो बांधणाऱ्यांनी सात मिळवले होते. त्यांची भीती अकरा फुटांची नव्हती, चारच फुटांची होती, आणि ती रास्त होती. नव्या पुलाची तुळई छत्तीसवर. तसाच पूर पुन्हा आला तर पाणी तुळयांखालून जाणार नाही. दोन फूट वर चढून तुळयांना ढकलील. पुराबरोबर झाडे येतात. ती अडकतील. आणि वर, मध्यभागी, दोन सज्जे आहेत.

तसा पूर शंभर वर्षांत एकदा येतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याला पंच्याहत्तर होऊन गेली.

बोललो तर पूल उघडत नाही. आराखड्यावर सही जावयांची आहे. चौकशीत पहिले नाव त्यांचे येईल आणि बढतीच्या जागी दुसरेच काहीतरी हाती पडेल. चूक माझी, मान त्यांची. न बोललो तर बहुधा काही होणार नाही. 'बहुधा' हा शब्द मी आज अकरा वेळा मनात म्हटला.

३ मार्च

रविवार. दुपारी कन्या-जावई जेवायला. वाढून होईपर्यंत मी गमतीजमती केल्या; लाकडी पुलाचा निष्कर्ष अभिनयासह सादर केला. कन्या हसून हसून बेजार. मग सहज विचारल्यासारखे विचारले—

"जावईबापू, एक काल्पनिक प्रश्न. समजा मोठा पूर एकतीसचा नसून अडतीसचा असता, तर?"

त्यांनी घास सावकाश संपवला. "तर पूल सात फूट वर."

"आता, बांधून झाल्यावर, उचलता येतो?"

"येतो. जॅक लावून, थोडा थोडा. खांब वाढवायचे, दोन्हीकडचे चढ नव्यानं बांधायचे. वर्ष-दीड वर्ष."

"आणि ज्यानं उंची ठरवली, त्याचं काय?"

"बाबा," कन्या म्हणाली, "जेवताना तरी पूल नको ना."

जावई माझ्याकडे पाहत होते. मग पाणी प्यायले. "अडतीस का? चाळीस का नाही?"

"काल्पनिकच आहे हो," मी म्हणालो. "आकडा काय, कुठलाही घ्या."

हिने विषय पडद्यांकडे नेला. बैठकीतले पडदे बदलायचे आहेत. मी त्या चर्चेत हिरिरीने भाग घेतला.

४ मार्च

सकाळी सहाला जावई आले आणि माझे गमबूट मागून घेऊन गेले, असे ही म्हणाली. मी अंघोळीला होतो. नऊच्या सुमारास परत आणून ठेवले, स्वच्छ धुऊन. चहाला थांबले नाहीत. कठड्यांच्या कामावर चिखल झाला असावा.

७ मार्च

लेखाचा कच्चा मसुदा साहेबांना दिला. एकतीस तसेच ठेवून. साहेबांनी समोर बसवून वाचला. पहिल्या पानावर दोनदा हसले. मग पेन्सिल उचलली.

"दगडी पूल गेला तो भाग जरा आवरा. ही बुडालेल्या माणसांची यादी कशाला? उद्घाटनाचा अंक आहे."

"यादी नोंदवहीत आहे, साहेब."

"नोंदवहीत राहू दे की. तिथं कोण जातंय वाचायला?"

आज साहेबांचे चित्त थाऱ्यावर दिसत नव्हते. खणाची किल्ली दोन वेळा फिरवून पाहिली. वरून काही पत्रव्यवहार चालू असेल.

९ मार्च

यादी पुन्हा काढली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आकड्यांबरोबर तीही मीच उतरवली आहे. कोणाचेच नाव नाही. तेव्हा लिहिणाऱ्याला नावे कळली नसावीत, किंवा घाई असावी. 'पुलावर पूर पाहण्यास उभे होते ते: एक शिंपी व त्याची बायको. दोघे भाऊ, वखारीतले. एक सुईण, ही पूर पाहत नव्हती, कामावर निघाली होती. छत्रीवाला. मास्तर. मास्तरांबरोबरचे तिघे. बाकी आठ ओळख नाही.'

सुईण पूर पाहत नव्हती, हे ज्याने लिहिले त्या कारकुनाला मी कधी पाहिले नाही. पण त्याला ते लिहावेसे वाटले. मी तेच वाक्य सुंदर अक्षरात उतरवले, आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

अठरा माणसे. सज्ज्यांतल्या दोन बाकांवर आठ मावतात, उभे राहणारे वेगळे.

'बहुधा' आता पुरत नाही.

१० मार्च

आधी जावयांना सांगायचे, मग साहेबांना. क्रम हाच योग्य. परक्या माणसाकडून कळू नये.

११ मार्च

संध्याकाळी दोघे आली. कन्येचा चेहरा ओढलेला. सर्दी झाली म्हणाली आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली. आत दोघींचे बोलणे हळू आवाजात. जावई माझ्याजवळ बसले. एरवी ते पाच मिनिटांत वर्तमानपत्र उचलतात. आज उचलले नाही.

मी घसा साफ केला. चार वेळा.

"इतिहास कुठवर आला?" त्यांनी विचारले.

"आपल्यापर्यंत."

"बाबा, निवृत्तीनंतर काय करणार?"

"निवृत्ती हाच पूर्णवेळ व्यवसाय आहे, जावईबापू. झुरळांना पदभार सोपवायचा आहे." यावर ते हसले. प्रथमच, तोंडभर. म्हणाले, "तुमचा निरोपसमारंभ चांगला झाला पाहिजे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं ते प्रशस्तिपत्रक आहे ना अजून? ते लावू तिथं."

ज्याची मान कापायची, त्यानेच आपल्या गळ्यात हार घालायची भाषा करावी!

दाराशी जाताना म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका." कसली, ते मी विचारले नाही. निरोपाचे एक वाक्य असते, तसे ते असावे.

१२ मार्च

नाही सांगितले त्यांना. आता थेट पत्रच. सकाळी रजा टाकून बसलो. पहिला मसुदा सव्वादोन पानांचा झाला: 'सेवेत सादर करण्यात येते की', 'कालौघात', 'अनवधानाने', 'तत्कालीन परिस्थितीचा विचार करता'. वाचला. फाडला. दुसरा एक पान. फाडला. ही मधूनच येऊन उभी राहिली.

"एवढं काय लिहिताय?"

"अर्ज."

"कसला?"

सांगितले. पट्टी, शून्य, सात फूट, वेष्टन, सगळे. ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत होती, मोडत होती.

"तिच्या संसाराचं काय होईल?" म्हणाली.

"ठाऊक नाही."

"आणि त्या बाकावर ती पहिली जाऊन बसेल."

"हो."

"मग द्या," ती म्हणाली. थोड्या वेळाने: "त्यांना कोण सांगणार, तुम्ही की मी?"

"मी. आधी पत्र देतो. मग तिथूनच त्यांच्याकडे जातो."

तिसरा मसुदा चार ओळींचा झाला. तोच ठेवला.

'दगडी पुलाच्या पूरनोंदी नव्या वहीत उतरवताना मी शून्यातील सात फुटांचा फरक मिळवला नाही. सूचना मूळ वेष्टनावर होती. मी ती वाचली नाही. मोठ्या पुराची खरी पातळी अडतीस आहे. नव्या पुलाची उंची माझ्या आकड्यावरून ठरली आहे. वेष्टन सोबत जोडले आहे.'

अक्षर चांगले आलेले नाही.

१३ मार्च

पत्र दिले. साहेबांनी पहिली ओळ पाहिली, खण उघडला आणि आतले एक पत्र माझ्यापुढे ठेवले. तारीख पाच मार्च. 'दगडी खांबावरील पूररेषा मी स्वतः मोजली. पातळी अडतीस आहे. जुन्या पट्टीचे शून्य जागेवर जाऊन पडताळणे हे माझे काम होते. ते मी केले नाही. जबाबदारी सर्वस्वी माझी.' खाली जावयांची सही. वहीचा उल्लेख नाही. माझा नाही.

"उद्घाटन रद्द. आदेश आज सकाळी आला," साहेब म्हणाले. "पूल उचलायचा. त्यांना कामावरून बाजूला केलंय, चौकशी लागेल. तुम्हांला घरी कोणी बोललं नाही?"

"नाही."

त्यांनी माझे पत्र परत माझ्याकडे सरकवले. "मग हे घेऊन जा. दीड महिना राहिलाय तुमचा. एक पत्र पुरेसं आहे."

मी त्यांच्या मेजावरची टाचणी घेतली आणि दोन्ही पत्रे एकत्र टोचली. माझे वर.